इसहाकाच्या बलिदानाचं चित्र कसं वाचावं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

युरोपातल्या कुठल्याही मोठ्या चित्रसंग्रहालयात हे दृश्य एकदा तरी समोर येतंच. म्हातारा बाप, हातात सुरा, वेदीवर बांधलेला मुलगा, वरून आलेला देवदूत आणि कोपऱ्यात मेंढा. बायबलमधली कथा अशी: देव परीक्षा म्हणून अब्राहामाला त्याचा मुलगा इसहाक अर्पण करायला सांगतो आणि ऐन वेळी देवदूत त्याला थांबवतो. पंधराव्या ते सतराव्या शतकात या विषयावर चित्रं, शिल्पं, छापे, नाटकं आणि प्रवचनं यांचा अक्षरशः पूर आला होता. ही चित्रं पाहताना बहुतेक जण दोनच गोष्टी बोलतात: ‘किती भयंकर’ आणि ‘किती सुंदर रंग’. त्यापलीकडे जायचं असेल तर एक पद्धत अंगवळणी पाडावी लागते. मूळ मजकूर फार थोडं सांगतो आणि बरंच न बोलता सोडून देतो. चित्रकाराने त्या मोकळ्या जागेत काय भरलं हे शोधायचं. तिथेच त्या काळाचं शास्त्रार्थाचं भांडण सापडतं.

सामग्री फार लागत नाही. मराठी बायबल, वही, पेन्सिल आणि चित्राची मोठ्या आकारातली प्रत एवढं पुरे. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या छाप्यांसाठी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोफत, भरपूर मोठी करता येणारी छायाचित्रं आहेत. पहिल्या बैठकीला दीड तास धरा.

पायरी १: आधी मजकूर, चित्र नंतर

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, २२ वा अध्याय काढा आणि १ ते १९ ओव्या दोनदा वाचा. चित्र अजून उघडायचं नाही. आधी चित्र पाहिलं की त्यातला तपशील मजकुरात आहेच असं डोकं धरून बसतं, आणि पुढची सगळी तुलना बिघडते.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी वहीत दोन रकाने पाडा: ‘लिहिलंय’ आणि ‘लिहिलेलं नाही’. पहिल्यात हे यायला हवं. तिसऱ्या दिवशी अब्राहामाला ती जागा दुरून दिसते (४). दोन सेवक आणि गाढव मागे थांबतात (५). लाकडं इसहाकाच्या अंगावर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात (६). मुलगा विचारतो की विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठाय. बाप म्हणतो, देव पाहून देईल (७-८). वेदी, लाकडांची रचना, बांधणं, लाकडांवर ठेवणं (९). सुरा हाती घेणं (१०). देवदूताची हाक (११-१२). झुडपात शिंगं अडकलेला मेंढा (१३).

दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा आहे आणि नवशिके तोच घाईत भरतात. इसहाकाचं वय दिलेलं नाही. बांधताना तो रडला, विरोध केला की गप्प राहिला, हे दिलेलं नाही. सातव्या ओवीनंतर त्याच्या तोंडी एक शब्द नाही. अब्राहामाच्या मनात काय चाललं होतं त्याचा उल्लेख नाही. इसहाकाची आई सारा या अध्यायात कुठेच नाही. देवदूत फक्त आकाशातून हाक मारतो, तो खाली उतरत नाही आणि कुणाचा हात धरत नाही. आणि १९ व्या ओवीत अब्राहाम सेवकांकडे परत येतो असं आहे, इसहाक सोबत होता असं म्हटलेलं नाही.

पायरी २: चित्रात कोणता क्षण आहे ते ठरवा

एका चित्रात सहसा एकच क्षण मावतो. बहुतेकांनी १० ते १२ या ओव्यांमधला, म्हणजे सुरा उचललेला आणि हाक नुकतीच आलेली, तो क्षण निवडला. म्हणूनच वेगळा क्षण निवडणारं चित्र दिसलं की तिथे थांबायचं. रेम्ब्रांटने १६४५ मध्ये एक छोटं एचिंग (तांब्याच्या पत्र्यावरून उमटवलेला छापा) केलं. त्यात वेदी नाही, देवदूत नाही. डोंगरावर बाप आणि लेक उभे आहेत, लाकडाची मोळी आहे, बाप वर बोट करून काही समजावतोय. म्हणजे ७-८ या ओव्या. तळहातापेक्षा थोड्याच मोठ्या कागदावर त्याने अख्ख्या कथेतलं सगळ्यात अवघड उत्तर रेखाटलंय.

वहीत ओवीचा क्रमांक लिहा. क्रमांक ठरत नसेल तर चित्रकाराने दोन क्षण एकत्र केलेत असं समजा, तेही नोंदवा.

पायरी ३: सात जागा तपासा

चित्राखालची पाटी न वाचता या सात गोष्टी या क्रमाने पाहा. एकेका जागेला दोन मिनिटं द्या.

देवदूताचा हात. मजकुरात फक्त आवाज आहे, पण आवाज रंगवता येत नाही. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या दरवाजासाठी १४०१ मध्ये स्पर्धा झाली तेव्हा विषय हाच होता. त्यातले दोनच नमुने उरलेत, ब्रुनेलेस्कीचा आणि गिबर्तीचा, आणि दोन्ही आज फ्लॉरेन्सच्याच बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. ब्रुनेलेस्कीचा देवदूत झेप घेऊन अब्राहामाचा हात घट्ट पकडतो. गिबर्तीचा देवदूत हवेतच राहतो, स्पर्श करत नाही. दुसरी रचना मजकुराच्या जास्त जवळची, पहिलीत नाट्य जास्त. पुढच्या अडीचशे वर्षांत पकडणाऱ्या हाताचीच सरशी झाली.

सुरा. उचललेला, गळ्याला टेकलेला की सुटलेला? रेम्ब्रांटच्या १६३५ च्या मोठ्या तैलचित्रात (एर्मिताज, सेंट पीटर्सबर्ग, उंची १९३ सेंटीमीटरच्या आसपास) देवदूताने मनगट धरल्यामुळे सुरा हातातून निसटून हवेत खाली पडतोय. हा पडणारा सुरा मजकुरात नाही, पण हाक किती निर्णायक होती ते त्याने डोळ्यांना दाखवलं.

मुलाचं तोंड आणि डोळे. अर्थ लावताना सगळ्यात उपयोगी पडणारी जागा हीच. कारावाज्जोच्या चित्रात (उफ्फीझी, फ्लॉरेन्स, साधारण १६०३, १०४ × १३५ सेंटीमीटर) इसहाकाचा गाल दगडावर दाबलेला आहे, तोंड उघडं आहे, तो ओरडतोय. स्वखुशीने अर्पण होणारा मुलगा दाखवण्याच्या प्रघाताला हा धक्का होता. उलट गिबर्तीचा इसहाक वेदीवर गुडघे टेकून वर पाहतो. रेम्ब्रांटच्या १६३५ च्या चित्रात बापाच्या पंजाने मुलाचा अख्खा चेहरा झाकलाय; मुलगा राजी आहे की नाही हे पाहणाऱ्याला कळूच शकत नाही.

वय. ज्यू परंपरेत इसहाक ३७ वर्षांचा मानतात. हिशेब सरळ आहे: तो जन्मला तेव्हा सारा ९० वर्षांची, ती वारली १२७ व्या वर्षी, आणि परंपरा या दोन घटना जोडते. ३७ वर्षांच्या पुरुषाला म्हातारा बाप जबरदस्तीने बांधू शकत नाही, म्हणजे त्याची संमती होती. चित्रकारांनी मात्र बहुधा मुलगा किंवा किशोर रंगवला. लहान मुलगा आला की संमतीचा प्रश्न मागे पडतो आणि बापाची परीक्षा पुढे येते.

लाकडं. मुलाच्या खांद्यावर, वेदीवर रचलेली की नुसती बाजूला टाकलेली? खांद्यावर असतील तर क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताशी नातं जोडलेलं असण्याची शक्यता मोठी.

मेंढा. तो कुठे आहे आणि त्याला कोण पाहतंय? मजकुरात अब्राहामाने मान वर केल्यावर तो दिसतो. कारावाज्जोने त्याला इसहाकाच्या डोक्याला जवळजवळ चिकटवलाय आणि देवदूत बोटाने तो दाखवतोय. झुडूप काटेरी असेल तर काट्यांच्या मुकुटाची आठवण अभिप्रेत असते. हा अर्थ ऑगस्टिनने पाचव्या शतकातच लिहून ठेवला होता.

सेवक आणि गाढव. हे असले तर चित्रकार पाचव्या ओवीकडे लक्ष वेधतोय: काहींना वर जाता येतं, काहींना नाही. गिबर्तीने खडकाची तिरकी कडा घालून दोन्ही बाजू स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत.

पायरी ४: चित्र कुठे लावलेलं होतं ते शोधा

संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर सगळी चित्रं सारखीच दिसतात. मूळ जागा कळली की अर्थ बदलतो. व्हॅटिकनमध्ये राफाएलच्या एलिओदोरो दालनात बोल्सेनाच्या मिस्सेचं भित्तिचित्र आहे. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची भाकरी आणि द्राक्षारस अर्पण करण्याची उपासना. त्यात मिस्सेच्या वेळी भाकरीतून रक्त आल्याचा प्रसंग आहे. त्याच्याच वरच्या छताच्या भागात इसहाकाचं बलिदान आहे. खाली वेदी, वर वेदी. अब्राहामाचं अर्पण हे मिस्सेचं पूर्वरूप आहे हे इथे शब्दांशिवाय सांगितलंय. लॅटिन मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत हाबेल, अब्राहाम आणि मलकीसदेक यांच्या अर्पणांची नावं घेतली जात, त्यामुळे रोज मिस्सेला जाणाऱ्या माणसाला हा धागा ओळखीचा होता.

छतावरच्या चित्रांत आणखी एक गोष्ट घडते. टिशिअनने १५४० च्या दशकात केलेलं हेच दृश्य आज व्हेनिसच्या सांता मारिया देल्ला सालुते चर्चमध्ये आहे. ते मान वर करून पाहण्यासाठी रंगवलंय. छायाचित्रात सरळ समोरून पाहिलं की अब्राहामाचं शरीर विचित्र, अवजड वाटतं. तो दोष चित्राचा नव्हे, पाहण्याच्या कोनाचा. पडद्यावर पाहताना फोन डोक्यावर धरून खालून बघा. हसू येईल, पण रचना लगेच जागेवर बसते.

रूबेन्सने अँटवर्पच्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) चर्चसाठी १६२० मध्ये ३९ छतचित्रांचं काम घेतलं. त्यात जुन्या आणि नव्या करारातली दृश्यं आलटून पालटून होती, आणि इसहाकाचं बलिदान त्यातलं एक होतं. १७१८ मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत ती सगळी जळाली. उरलेत ते तयारीचे छोटे आराखडे. असा आराखडा संग्रहालयात एकटा टांगलेला दिसला तर शेजारी कोणतं चित्र होतं हे जरूर विचारा. एकट्याने तो अर्धंच बोलतो.

प्रॉटेस्टंट हॉलंडमध्ये चर्चच्या भिंती मोकळ्या होत्या. १५६६ मध्ये तिथे मूर्ती आणि चित्रांची मोठी तोडफोड झाली होती. पण घरांत बायबलमधली चित्रं आवडीने लावत, छापे विकत घेत. रेम्ब्रांटची एचिंगं वेदीसाठी नव्हती. ती हातात धरून, खिडकीजवळ नेऊन पाहायची.

पायरी ५: त्या काळचं भांडण समजून घ्या

जोडून वाचायच्या जागा चार: उत्पत्ती १५:६, रोमकरांस पत्र ४, याकोब २:२१ आणि इब्री ११:१७-१९. वीस मिनिटांत होतं.

पौल म्हणतो की अब्राहाम विश्वासामुळे नीतिमान ठरला. याकोब म्हणतो की मुलाला वेदीवर अर्पण केलं तेव्हा तो कृतींनी नीतिमान ठरला. सोळाव्या शतकात युरोप ज्या प्रश्नावर दुभंगला तो हाच. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर ‘केवळ विश्वास’ या बाजूचा. १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे फारसं वजन नसलेलं, पत्र म्हटलं होतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये विश्वासाबरोबर कृतींचीही बाजू मांडली आणि त्यासाठी याकोबाचाच आधार घेतला. १५६२ मध्ये मिस्सा हे खरं अर्पण आहे असा ठराव केला. प्रॉटेस्टंटांचं म्हणणं होतं की ख्रिस्ताचं क्रूसावरचं अर्पण एकदाच झालं आणि पुरेसं झालं. मिस्सेत ते पुन्हा होत नाही. म्हणजे अब्राहामाची वेदी रंगवणं हे दोन्ही बाजूंना जिव्हाळ्याचं होतं, पण कारणं वेगळी.

लूथरने १५३५ पासून दहा वर्षं उत्पत्तीवर व्याख्यानं दिली. बाविसाव्या अध्यायापाशी त्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट सुऱ्याची नव्हती. देवानेच आधी वचन दिलं होतं की इसहाकाच्या द्वारे वंश चालेल, आणि तोच देव आता त्याला मारायला सांगतो. देवाचा एक शब्द दुसऱ्या शब्दाच्या विरुद्ध उभा. इब्री ११ यावर उत्तर देतं: देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो असा अब्राहामाला भरवसा होता. दुसरा प्रॉटेस्टंट नेता कॅल्विन, त्याचं उत्पत्तीवरचं भाष्य १५५४ चं. त्याचा सहकारी थिओडोर बेझा याने १५५० मध्ये याच कथेवर फ्रेंच नाटक लिहिलं. हे वाचल्यावर अब्राहामाच्या चेहऱ्यावरची सुरकुती पाहायची नजर बदलते: तिथे नुसतं दुःख रंगवलंय की गोंधळ, की ठाम भरवसा?

पूर्वछायेची पद्धत, म्हणजे जुन्या करारातल्या प्रसंगात नव्या कराराची आधीच पडलेली सावली पाहणं, मात्र या सगळ्याच्या आधीची. पंधराव्या शतकात लाकडी ठशांनी छापलेलं ‘बिब्लिया पाउपेरुम’ घ्या. दर पानावर मध्ये नव्या करारातला प्रसंग, दोन्ही बाजूंना जुन्या करारातले. क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताशेजारी लाकडं वाहणारा इसहाक, क्रूसावरच्या ख्रिस्ताशेजारी वेदीवरचा इसहाक. हे एक पान नीट पाहिलं की पुढची पन्नास चित्रं सोपी जातात.

इस्लामी परंपरेचा रकाना वेगळा ठेवा. कुराणाच्या ३७ व्या सूरेत मुलाचं नाव दिलेलं नाही, मुलगा बापाला ‘आज्ञा झाली ते करा’ असं स्वतः म्हणतो. नंतरच्या बहुसंख्य भाष्यकारांनी तो इस्माईल मानला. इथे संमती मजकुरातच आहे. बकरी ईदच्या कुर्बानीची आठवण याच प्रसंगाची. ज्यू परंपरेत हाच अध्याय नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात वाचतात आणि मेंढ्याचं शिंग फुंकतात. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोकही नववर्ष पाळतात.

आपल्याकडे या वादाची एक बाजू गोव्यातून आली. १५७९ मध्ये गोव्याहून निघालेल्या जेझुइटांनी अकबराला प्लांटँच्या छापखान्यातलं बहुभाषी बायबल भेट दिलं आणि मोगल चित्रकारांनी त्यातल्या कोरीव चित्रांचा अभ्यास केला. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल इथे छापलं गेलं. त्याचा पहिला भाग जुन्या कराराचा, मराठी ओवीत. ट्रेंटनंतरची कॅथलिक मांडणी मराठीत कशी उतरली हे बघायचं तर तो ग्रंथ हाताशी ठेवा.

पायरी ६: एकाच चित्रकाराची तीन कामं शेजारी ठेवा

सरावासाठी रेम्ब्रांटइतका चांगला चित्रकार नाही. १६३५ चं तैलचित्र, १६४५ चं एचिंग आणि १६५५ चं एचिंग. तिसरं साधारण १६ × १३ सेंटीमीटरचं. त्यात देवदूत मागून येऊन दोन्ही हातांनी अब्राहामाला कवेत घेतो. मुलगा बापाच्या मांडीशी शांत टेकलेला आहे आणि बापाने त्याचे डोळे झाकलेत. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच हात चेहरा दाबून मान मागे वाकवत होता. सात जागांचा तक्ता तिन्हींसाठी भरा आणि कोणत्या जागा बदलल्या त्यावर खूण करा. या तिन्हींतून एकच पाहायचं असेल तर १६५५ चं पाहा. कथा जास्तीत जास्त कळलेला हात तिथे दिसतो.

चुका कुठे होतात

विषयच चुकतो. मुलगी असेल आणि मेंढा नसेल तर ती बहुधा इफ्ताहाची मुलगी (शास्ते ११) असते. मुलीजवळ हरिणी असेल तर ग्रीक कथेतली इफिजिनिया. सैनिकाने तान्हं मूल उलटं धरलं असेल तर तो शलमोनाचा न्याय.

छाप्याची दिशा विसरतात. तांब्याच्या पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. सुरा डाव्या हातात दिसला की लगेच त्यात गूढ अर्थ शोधू नका.

नक्कल आणि मूळ यांत घोळ होतो. रेम्ब्रांटच्या १६३५ च्या चित्राची एक आवृत्ती म्युनिकमध्ये आहे, १६३६ सालची. तिच्यावर ‘रेम्ब्रांटने बदललं आणि वरून रंगवलं’ अशा अर्थाचा डच मजकूर आहे. तपशील वेगळे आहेत. इंटरनेटवर दोन्हींची छायाचित्रं एकाच नावाने फिरतात, म्हणून संग्रहालयाचं नाव आधी तपासा.

कडा कापलेली प्रत वापरतात. या विषयात मेंढा आणि सेवक बहुधा कडेलाच असतात. छायाचित्राची लांबी-रुंदी संग्रहालयाने दिलेल्या मापांशी जुळते का ते पाहा. १०४ × १३५ म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे १.३ पट, तसं दिसत नसेल तर प्रत टाकून द्या.

धर्मपंथावरून अर्थ ठरवून टाकतात. ‘कॅथलिक म्हणून हिंसा, प्रॉटेस्टंट म्हणून शांतता’ हे सूत्र पहिल्याच तुलनेत कोसळतं: १६३५ चं हिंसक चित्रही प्रॉटेस्टंट ॲमस्टरडॅममधलंच आहे. तसंच शेजाराचं. रेम्ब्रांट ज्यू वस्तीत राहत होता आणि १६५५ मध्ये त्याने राब्बी मनश्शे बेन इस्राएल यांच्या पुस्तकासाठी एचिंगंही केली. त्याच वर्षीच्या इसहाकात ज्यू भाष्याची छाया आहे असं म्हणण्याचा मोह होतो. म्हणा, पण चित्रातल्या नेमक्या तपशिलावर बोट ठेवून. नुसत्या तारखेवरून नको.

पाच-सहा चित्रांचे तक्ते भरून झाले की काइन आणि हाबेलाकडे वळा (उत्पत्ती ४). तिथे दोन अर्पणं आहेत, एक स्वीकारलं जातं, दुसरं नाही, आणि कारण मजकूर सांगत नाही. चित्रकारांनी तो फरक बहुधा धुराच्या दिशेने दाखवलाय. तिथपासून सुरुवात करा.